यंत्रातील रुग्णास डावा हात मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
श्री शारदाश्रय दंतविद्या प्रसारक मंडळ,
मुख्य कार्यालय, फलटण, जि. सातारा.

अर्जदार : श्री. वेंकोबा राव, दंतसंग्रह साहाय्यक, मंडळाचे दंत महाविद्यालय, म्हैसूर. राहणार जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर.

विषय : आभासी वास्तव (व्हीआर) प्रशिक्षण यंत्रातील रुग्णास डावा हात देणेबाबत, तसेच सुई दिल्यावर पाच मिनिटे थांबण्याची पायरी त्यात घालणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा इंग्रजी अर्ज, दि. १५ डिसेंबर २०२५ (उत्तर सोबत जोडले आहे).
२) अर्जदाराचा कन्नड अर्ज, दि. ५ जानेवारी २०२६ (उत्तर : 'नोंद घेतली').
३) प्राचार्य कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दि. २७ जानेवारी २०२६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. हा अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून अर्जदाराची सून सौ. अदिती (माहेर वाई) हिने लिहिला आहे. अर्जदाराचे घराणे पाच पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असतो आणि अर्जदाराचे लिहिणे-वाचणे शाळेपासून कन्नडच आहे. इंग्रजी आणि कन्नड हे दोन्ही मार्ग संपल्यामुळे, आणि मंडळाचे मुख्य कार्यालय महाराष्ट्रात असल्यामुळे, तिसरा अर्ज मराठीत करण्याचे ठरले. कार्यालयीन अधीक्षक श्रीमती नागरत्ना यांनी असा सल्ला दिला की अर्जात 'मी' लिहिले की रडगाणे होते, 'अर्जदार' लिहिले की कागद पुढे सरकतो. म्हणून सर्वत्र 'अर्जदार' लिहिले आहे. सासऱ्यांना एकेरीत लिहिताना सुनेचा हात अडखळतो, पण रीतच तशी असेल तर तिचा इलाज नाही.

२. मागणी लहान आहे, म्हणून ती आधीच सांगितलेली बरी. महाविद्यालयातील नव्या यंत्रांत विद्यार्थी ज्या रुग्णाच्या दातांवर काम शिकतात, त्या रुग्णाला हात नाहीत. त्याला एक डावा हात द्यावा आणि दुखले की तो वर जावा, एवढीच मूळ मागणी आहे. यंत्राचा संगणकीय कार्यक्रम (प्रोग्रॅम) येत्या २८ फेब्रुवारीस कायम होणार आहे. त्यानंतर त्यात बदल होणार नाही आणि तोच कार्यक्रम मंडळाच्या उरलेल्या चारही महाविद्यालयांत जाणार आहे. अर्जदार ३१ मार्चला निवृत्त होतो. अर्जदारानंतर ही गोष्ट पुन्हा कोणी काढील असे वाटत नाही.

३. अर्जदार १९९८ पासून दात गोळा करण्याच्या कामावर आहे. हे वाचून आपण थबकाल, म्हणून खुलासा करणे भाग आहे. जिवंत माणसाच्या तोंडात ड्रिल घालण्याआधी विद्यार्थ्याचा हात खऱ्या दातांवर बसावा लागतो, आणि खरे दात बाजारात मिळत नाहीत. ते दवाखान्यांत उपटलेले मिळतात. त्यासाठी अर्जदार बुधवारी कृष्णराजनगरला आणि शनिवारी टी. नरसीपूरला बसने जात असे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पांढऱ्या झाकणाची बरणी. शेजारच्याने काय आहे म्हणून विचारले तर अर्जदार 'लोणचे' म्हणून सांगत असे. एकदा एका बाईने फोड मागितली, तेव्हापासून 'औषध' असे सांगू लागला. आणलेले दात धुणे, औषधात बुडवून निर्जंतुक करणे, जातवार बाटल्यांत भरणे आणि प्लास्टरच्या जबड्यांत बसवून विद्यार्थ्यांपुढे ठेवणे, हे काम सत्तावीस वर्षे झाले. मोजदाद ठेवलेली नाही, पण लाखाच्या वर दात अर्जदाराच्या हातून गेले असतील. दात पाहून अर्जदारास माणूस थोडाफार कळतो. विडीवाल्याचा दात कळतो, पान खाणाऱ्याचा कळतो. दाताने दोरा तोडणाऱ्याच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच पडलेली असते, तीही कळते. याचा पुढे संबंध येईल.

४. दाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. तोंड उघडे, त्यात आरसा, नळी आणि कोणाची तरी बोटे. म्हणून जुनी पद्धत अशी की काम सुरू करण्याआधी डॉक्टर सांगतात, दुखले तर डावा हात वर करा. डॉक्टर उजवीकडे असतात, म्हणून डावा. प्रयोगशाळेत पूर्वी ज्या लोखंडी डोक्यांवर सराव होई, त्यांना रबरी गाल होते, हात नव्हते. सप्टेंबर २०११ मध्ये अर्जदाराने छत्तीस डाव्या रबरी हातमोज्यांत कापूस भरला आणि छत्तीस डोक्यांच्या डाव्या बाजूला एकेक बांधला. प्रत्येकाला दोरी लावून ती मागच्या खिळ्यावरून घेतली. मुले-मुली काम करू लागली की अर्जदार रांगेमागून फिरे आणि मनात येईल ती दोरी ओढी. हात वर गेला की विद्यार्थ्याने ड्रिलच्या पेडलवरून पाय काढायचा, 'नोवु इदेया?' म्हणजे दुखतंय का, असे विचारायचे आणि थांबायचे. हे अभ्यासक्रमात नव्हते. हे करा असे कोणी सांगितले नव्हते आणि करू नका असेही कोणी म्हटले नाही. प्रत्येक वर्षीची मुले आधी हसत, दोरीवरून एकमेकांची थट्टा करीत, आणि दिवाळीपर्यंत त्यांचा पाय आपोआप उचलला जाऊ लागे. त्या वस्तूस 'वेंकोबांचा हात' असे नाव पडले होते.

५. गेल्या जूनमध्ये चोवीस यंत्रे आली. यंत्रे चांगली आहेत, हे अर्जदार मोकळ्या मनाने नमूद करतो. विद्यार्थी डोळ्यांना मोठा चष्मा लावतो, हातात ड्रिलसारखी लेखणी धरतो आणि समोर तोंड दिसू लागते. लेखणी दाताला लागली की हाताला दात लागतो. वरचा थर कठीण लागतो, आतला मऊ, आणि फार खोल गेले तर लेखणी एकदम आत पडते, खऱ्या दातात पडते तशीच. वास नाही, पाणी नाही, बरणी घेऊन कोणी गावोगाव हिंडायला नको. छत्तीस लोखंडी डोकी भंगारात गेली, त्यांच्याबरोबर पस्तीस हात गेले. अर्जदाराने एक काढून ठेवला.

यंत्रातला रुग्ण म्हणजे नुसते तोंड आहे. वर दिवा आहे, खाली काही नाही. यंत्र वेळ मोजते, हाताची थरथर मोजते, आणि विद्यार्थी मध्येच थांबला तर गुण कापते. त्यात सुई देण्याची पायरी नाही, कारण सुईचा अभ्यासक्रम वेगळा आहे आणि तो पुढच्या वर्षी विकत घेण्याचा प्रस्ताव आहे. तोवर मुले बधिर न केलेल्या दातावर थेट ड्रिल लावतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. कु. सुप्रीता ही सगळ्यांत पुढे आहे, शंभरात अठ्ठ्याण्णव. डिसेंबरात ती पहिल्यांदा खऱ्या रुग्णावर काम करायला गेली. रुग्ण कृष्णराजनगरचा एक रिक्षाचालक होता. त्याला रीतीप्रमाणे सांगितलेले होते. त्याने डावा हात वर केला आणि तो बराच वेळ वरच राहिला. शेवटी पलीकडच्या खुर्चीवरचा मनुष्य ओरडला. सुप्रीता त्यानंतर अर्जदाराकडे येऊन रडली. "अंकल, हाताकडे नोडलंच नाही की हो मी," म्हणजे पाहिलेच नाही, असे तिचे शब्द. मुलगी गुणी आहे आणि तिचा हात हलका आहे. सहा महिने तिने जिकडे पाहिले तिकडे हातच नव्हता.

६. त्यानंतर अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज दिला. तो यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीकडे गेला. कंपनीने कळविले की हात हा अवयव दंतविषयाच्या व्याप्तीत येत नाही, मात्र हाताची आवश्यकता असल्यास अस्थिरोग विभागासाठीचा त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम उपलब्ध असून त्यात दोन्ही हात मिळतात. माहितीपत्रकही पाठवले. त्यातले हात मोडलेले आहेत. संदर्भ क्र. २ चा अर्ज प्राचार्यांना दिला, त्यावर 'नोंद घेतली' असा शेरा आला. मग अर्जदार विभागप्रमुख डॉ. विजयेंद्र यांना समक्ष भेटला. डॉ. विजयेंद्र हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "वेंकोबा, यंत्रातल्या माणसाला दुखत नसतं." हे खरे आहे. अर्जदाराने मान डोलावली, चहा घेतला आणि बाहेर आला.

यंत्रातल्या माणसाला दुखत नाही, हे अर्जदारास आजही मान्य आहे. परंतु ते माणूस कोण, हे डॉ. विजयेंद्र यांना ठाऊक नाही, कारण अर्जदाराने ते सांगितलेले नाही. आता सांगणे आले.

७. अर्जदाराची पत्नी कै. वनजा ही घरी ब्लाउज शिवत असे. सकाळ-रात्र नंजनगूडच्या गुलाबी पावडरीने बोटाने दात घाशी. शेहेचाळीस वर्षांत तिच्या एकाही दाताला कीड लागली नाही, आणि अर्जदाराच्या नोकरीवरून तिला चिडवणाऱ्या बायकांना ती हे आवर्जून ऐकवी. जेवणानंतर मात्र विडा लागे, म्हैसूरचे पान आणि थोडी जास्त सुपारी. दातांना काही झाले नाही. गालाला झाले. किरणांचे उपचार करायचे ठरले आणि तेव्हा किरण लावण्याआधी तोंडातले सगळे दात काढून टाकत. अठ्ठावीस दात होते, चार खेपा ठरल्या, दर खेपेस सात. ऑगस्ट २०११. काम आपल्याच महाविद्यालयाच्या दवाखान्यात झाले.

दात वनजाने स्वतः दिले, याची नोंद व्हावी. "सुम्मने टाकून का देता हो? चन्नाग आहेत. तुमच्या बाटलीत ठेवा, पोरं शिकतील की," असे ती म्हणाली (सुम्मने म्हणजे उगाच, चन्नाग म्हणजे छान). अर्जदाराने ते रीतीप्रमाणे धुऊन बाटली क्र. ११२ मध्ये ठेवले आणि चिठ्ठीवर 'स्त्री, वय ४६, २८ दात' असे लिहिले. नाव लिहिण्याची पद्धत नाही. त्या बाटलीतले दात अर्जदाराने कधी कोणाला दिले नाहीत, ही एक कसूर अर्जदाराकडून झालेली आहे. वनजा फेब्रुवारी २०१३ मध्ये वारली.

ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीची माणसे बंगळूरहून आली. यंत्रात घालण्यासाठी त्यांना एकाच तोंडातले सगळे दात हवे होते. माणसांचे दात एकेक करून, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावी पडतात. एका तोंडाचा पूर्ण संच मिळत नाही. डॉ. विजयेंद्र यांनी विचारले, आहे का असा. होता, एकच होता. अर्जदाराने पाव तासात बाटली काढून दिली आणि पावती घेतली. कोणाचे दात, असे विचारले असते तर सांगितले असते. कोणता थर किती कठीण हे मोजण्यासाठी दात आडवे कापावे लागले आणि उरलेले तुकडे नियमानुसार दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ते विद्यार्थ्यांसाठीच दिले होते.

८. तक्रार आहे ती स्वतः अर्जदाराची अर्जदाराविरुद्ध आहे, पण ती ऐकून घेणारे कार्यालय नसल्यामुळे येथे नमूद करतो. तिसऱ्या खेपेस खालच्या उजव्या बाजूचे दात काढायचे होते. खालचा जबडा सुई दिल्यावर बधिर व्हायला पाच मिनिटे घेतो. त्या दिवशी बाहेर रांग मोठी होती. ज्या डॉक्टरांकडे काम होते ते तेव्हा शिकत होते, घाईत होते, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी चिमटा हातात घेतला. त्यांचे नाव अर्जदाराने आजवर कोणास सांगितलेले नाही. ते पुढे चांगले डॉक्टर झाले. अर्जदार डावीकडे ट्रे धरून उभा होता. वनजाचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, अर्जदारापासून वीतभर अंतरावर होता. आदल्या संध्याकाळी अर्जदारानेच तिला बजावले होते की दुखले तर हा हात वर करायचा.

हात वर गेला नाही. त्याने पदराचा काठ मुठीत धरला होता आणि बोटांची पेरे पांढरी पडली होती. अर्जदाराने ते पाहिले. अर्जदाराने तेरा वर्षांच्या नोकरीत डॉक्टर काम करत असताना, विचारल्याशिवाय, कधी तोंड उघडले नव्हते. साहाय्यकाने बोलायचे नसते. अर्जदाराने ट्रेकडे पाहिले. त्यात एकामागून एक सात दात पडले, सगळे धड. ते अर्जदाराने मोजून घेतले.

दोन दिवसांनी वनजाला बोलता येऊ लागले, तेव्हा अर्जदाराने विचारले की हात का नाही वर केलास. ती म्हणाली, "सगळी तुमच्या आफिसातली मंडळी. मर्यादे असते की हो. अन् तुम्ही होतातच की तिथं, मला वाटलं तुम्ही सांगाल." रागाने म्हणाली नाही. त्यानंतर तिने दूध मागितले. अर्जदारास त्या वेळी फार वाईट वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही. सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसे काहीतरी झाले आणि ते अजून उतरलेले नाही. पुढल्या महिन्यात अर्जदाराने कापूस आणि हातमोजे आणले. कलम ४ मधील हातांचे कारण हे आहे.

९. यंत्रांत वनजाचे दात आहेत हे अर्जदारास ठाऊक होते, पण कर्मचाऱ्यांना यंत्रावर बसण्याची मुभा नसल्यामुळे अर्जदाराने ते पाहिले नव्हते. जानेवारीत सुप्रीता सहज बोलता बोलता म्हणाली की पेशंटच्या वरच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच आहे, दर वेळी तिथे नजर अडकते, ती चूक कंपनीला सांगायला हवी. ती चूक नाही असे अर्जदाराने तिला सांगितले. का ते सांगितले नाही. एकदा पाहायला मिळेल का, एवढे विचारले.

मंगळवार दि. २० जानेवारी रोजी दुपारी सव्वा वाजता, जेवणाच्या सुट्टीत, तिने आपला संकेतांक घालून यंत्र क्र. ७ सुरू करून दिले आणि ती डबा खायला गेली. अर्जदाराने चष्मा लावला. आधी अंधार, मग दिवा, मग तोंड. जीभ कोणाचीही असावी तशी होती. गाल गुलाबी आणि गुळगुळीत होता, तो वनजाचा नव्हे. दात तिचे. खाच जागेवर होती. खालचा डावा सुळा किंचित वळलेला, तोही तसाच. खालच्या उजव्या दाढेत एक काळे भोक होते. ते कंपनीने घातले आहे. वनजाच्या दाढेला कीड नव्हती, पण मुलांना शिकायला कीड लागते हे अर्जदारास समजते, त्याबद्दल मागणी नाही.

यंत्राने 'सुरू करा' असे सांगितले. यंत्रात सुई नसल्यामुळे अर्जदाराने लेखणीच सुईच्या जागी नेऊन धरली आणि तीनशेपर्यंत आकडे मोजले. मध्यंतरी समोर लाल अक्षरांत 'निष्क्रिय' असे आले. ते सत्यच आहे. तीनशे झाल्यावर अर्जदाराने "दुखतंय का?" असे विचारले. प्रयोगशाळेत त्या वेळी कोणी नव्हते. मग लेखणीचे टोक त्या दाढेला टेकवले. दाढ हाताला लागली.

त्यापुढचे अर्जदारास नीट आठवत नाही. संदर्भ क्र. ३ च्या नोटिशीत पर्यवेक्षकांनी लिहिले आहे की 'सदर कर्मचारी चष्मा लावून, डावा हात वर करून, हाक मारली असता प्रतिसाद न देता बसलेला आढळला व सदर हात अंदाजे अकरा मिनिटे वर होता.' त्या संध्याकाळी घरी येऊन अर्जदाराने "दात चन्नाग आहेत अजून" एवढेच सांगितले आणि जेवायला बसला. अर्ज लिहिणारीने सासूबाईंना पाहिलेले नाही. घरात त्यांचा एकच फोटो आहे, त्यात त्यांचे तोंड मिटलेले आहे.

१०. नोटिशीस उत्तर येणेप्रमाणे. परवानगीवाचून यंत्र वापरले, हा आरोप मान्य. दुसऱ्याचा संकेतांक वापरला, हाही मान्य. दोष अर्जदाराचा, मुलीचा नव्हे. 'हात वर करून असंबद्ध वर्तन केले', यापैकी हात वर होता हे मान्य, असंबद्ध होते हे अमान्य. संबंध कलम ८ मध्ये दिला आहे. साडेचौदा वर्षे उशीर झाला, एवढे मात्र खरे. शिक्षा मंडळास योग्य वाटेल ती करावी, त्याविषयी अर्जदाराचे काही म्हणणे नाही. अर्ज लिहिणारीचे आहे, पण ते तिला कोणी विचारलेले नाही.

११. तरी मेहेरबानांनी कृपावंत होऊन पुढील गोष्टी २८ फेब्रुवारीच्या आत कराव्यात, ही विनंती :

(अ) यंत्रातील रुग्णास एक डावा हात द्यावा. हातात बांगड्या, घड्याळ वगैरे नको, साधा हात चालेल. दात बधिर होण्याआधी किंवा फार खोल ड्रिल लागल्यास तो वर जावा, आणि ड्रिल थांबेपर्यंत खाली येऊ नये.

(आ) काम सुरू करण्यापूर्वी सुई देणे व पाच मिनिटे थांबणे ही पायरी असावी. थांबल्याबद्दल गुण कापू नयेत.

(इ) कु. सुप्रीता हिच्या नावावर दि. २० जानेवारी रोजी जे शून्य पडले आहे, ते काढून टाकावे. ते शून्य अर्जदाराचे आहे.

(ई) वरील (अ) २८ तारखेपर्यंत होऊ शकत नसेल, तर अर्जदारास ३१ मार्चपर्यंत प्रत्येक तासिकेला यंत्रांच्या डाव्या बाजूस उभे राहून स्वतःचा हात वर करण्याची परवानगी द्यावी. चष्मा लावलेल्या विद्यार्थ्यांना तो हात दिसणार नाही, हे डॉ. विजयेंद्र यांनी अर्जदाराच्या निदर्शनास आणून दिलेले आहे. अर्जदारास ते माहीत आहे. तरी परवानगी मिळावी. अर्जदार तिथे असेल.

येथे अर्ज संपतो. उत्तर कोणत्याही भाषेत आले तरी घरात वाचणारे आहेत.

अद्याप आपल्या सेवेत असलेला,

(सही)
वेंकोबा राव
दंतसंग्रह साहाय्यक

लिहिणार : सौ. अदिती
म्हैसूर, दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२) कंपनीचे पत्र, माहितीपत्रकासह.
३) बाटली क्र. ११२ दिल्याची पावती.
४) रबरी हातमोजा, डावा, कापूस भरलेला, एक नग, दोरीसह. कृपया एकदा ओढून पाहावा.